दर महिन्याची पोच

लुहेंगे नदीच्या पात्रात, वीज कंपनीच्या बंधाऱ्यापासून तीनशे पावलं खाली, एक लोखंडी मापपट्टी उभी आहे. सकाळी नऊ आणि दुपारी चार असं दिवसातून दोनदा ती वाचायची, आकडा नोंदवहीत लिहायचा, आणि महिना भरला की पानाखाली वाचकाचं नाव घालून कार्बनची प्रत सरकारच्या नदी-खोरे कार्यालयाला धाडायची. काम एवढंच. ओडिलिया न्गोले ते अकरा वर्षं करत होती आणि दर पानाखाली नाव घालत होती वेनान्स म्लिगो. वेनान्स म्हणजे तिचा नवरा, आणि तो अकरा वर्षं गावात नव्हता.

तो गेला एप्रिलात, बांबूचा रस उतरायच्या दिवसांत. वाचकाची नेमणूक त्याची होती. गेइताच्या सोन्याच्या खाणीत तीन महिने राबतो आणि घरावर पत्रे घालण्यापुरतं कमावून येतो, असं म्हणाला. जायच्या आदल्या दिवशी त्याने तिला पट्टीजवळ नेलं, मोठी रेघ दहाची, आखूड रेघ एकाची, हे शिकवलं, आणि वर बजावलं, "नाव माझंच घाल हं. नाहीतर मी येईपर्यंत नेमणूक दुसऱ्याच्या घरात गेलेली असेल." तीन महिन्यांपुरती केलेली ही तजवीज. पहिलं वर्षभर फोन येत राहिले, मग विरळ झाले, मग त्याचा नंबरच लागेनासा झाला. ओडिलियाने नाव घालणं काही सोडलं नाही.

खरं सांगायचं तर तिला ते नाव लिहायला आवडायचं. वय अठ्ठेचाळीस, लेक लग्न होऊन नांदायला गेलेली, आणि या बाईला महिन्याच्या शेवटच्या तारखेला सकाळपासून हुरहुर! चारचा आकडा लिहून झाला की ती स्कर्टला हात पुसायची, पेन झटकायची आणि सावकाश, एकेक अक्षर गिरवत वेनान्सचं नाव लिहायची. तेवढ्या ओळीपुरता तो परत आल्यासारखा वाटायचा. मग वही मिटायची आणि घर पुन्हा रिकामं व्हायचं.

गावाला सगळं ठाऊक होतं, पण आमच्या बेना लोकांचा स्वभाव असा की समोरच्याला दुखवायची वेळ आली की आम्ही बटाट्याच्या भावाबद्दल बोलायला लागतो. कुणी पाहुण्याने विचारलंच, "वेनान्स कुठं दिसत नाही?" तर ओडिलिया म्हणायची, "बाहेर गेलाय." शेजारीपाजारी मान डोलवायचे. अकरा वर्षं तो बाहेर गेलेला होता आणि कुणीही तोंडातून ब्र काढला नव्हता.

यंदा मात्र कंपनीचा परवाना संपत आला. परवान्यात अट अशी की बंधाऱ्यावर पाणी कितीही अडवा, खाली नदीचा वाटा सुटलाच पाहिजे; मापपट्टीवर पाणी चाळीसच्या खाली जाता कामा नये. ओडिलियाच्या वह्यांत दर वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर अडतीस, छत्तीस, एकदा तर एकोणतीस. कंपनीने बंधाऱ्यावर स्वतःचं एक यंत्र बसवलं होतं, त्याच्या कागदावर नदी बारा महिने तुडुंब. आता पुढची पंधरा वर्षं नदीत किती पाणी सोडायचं हे यातल्या कुठल्या कागदावरून ठरणार, हा प्रश्न. कंपनीचे इंजिनिअर किसांगा यांनी तो आपल्या परीने सोडवला. त्यांनी खोरे कार्यालयाला लिहून कळवलं की ज्या वेनान्स म्लिगोच्या नावाने ही नोंद आहे तो इसम इथे राहतच नाही, तेव्हा वह्या बाद कराव्यात.

वह्या बाद झाल्या असत्या तर सगळ्यात आधी कोरडी पडली असती फाउस्ता, ओडिलियाची लेक. ती खाली इटांबोला दिलेली, नदीकाठी घेवड्याचे आणि कोबीचे वाफे लावणारी. ऑक्टोबरात तिच्या दारापुढची नदी म्हणजे नुसते गोटे. मागच्याच रविवारी ती आईला म्हणाली होती, "आई, एकदाच सांग ना त्यांना, मी वाचते म्हणून. कुणाला फसवायचंय? नदीला?"

"तुझा बाप येईल तेव्हा त्याची जागा त्याला मिळायला नको?"

"बाबा येईल तेव्हा मी माझी जागा देईन त्याला. घेवड्याला पाणी घालायची."

ओडिलियाने यावर बटाट्याच्या भावाचा विषय काढला. लेकीसमोरसुद्धा.

ऑक्टोबरच्या बाविसाव्या तारखेला खोरे कार्यालयाची बाई आली. भाड्याच्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर, तांबड्या धुळीने माखलेली, तिशीची, ठेंगणी, पाठीवर कागदांची पिशवी. इंजिनिअर किसांगा मागून कंपनीच्या गाडीतून काचा वर करून आले, त्यामुळे ते स्वच्छ होते.

"कामवेने," ओडिलियाने अंगणातून नमस्कार केला.

"कामवेने, कामवेने. मी रेस्तितुता गामा," असं म्हणून बाईने डोक्याचं फडकं सोडून झटकलं.

गामा हे न्गोनी जमातीचं आडनाव. ओडिलियाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. "अगं बाई! सरकारला दुसरं कुणी मिळालं नाही? दारात न्गोनीण! कोंबड्या आत घ्यायला हव्यात."

"घ्या, घ्या. माझ्या पणजोबाने तुमच्या पणजोबांच्या गाई नेल्या, कोंबड्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्यांच्यासाठीच आलेय मी."

आता हे परक्याला भांडण वाटेल. पण न्गोनी आणि बेना यांच्यात थट्टेचं नातं आहे. वाडवडिलांनी एकमेकांची माणसं मारली, गुरं पळवली. त्यानंतर समेट झाला तो असा की कुणीही कुणालाही वाट्टेल ते बोलावं आणि ऐकणाऱ्याने रागवायचं नाही. न्गोनी माणूस आमच्या मयताला येतो आणि मेलेल्याला आळशी म्हणतो, रडणाऱ्या बायका हसतात, आणि खड्डाही तोच खणतो. रक्ताचं माणूस जे बोलू शकत नाही ते थट्टेचं माणूस बोलतं.

चहा झाला, उकडलेले बटाटे झाले. रेस्तितुताने वह्या मागितल्या. ओडिलियाने टिनाच्या पेटीतून एकेक काढून चटईवर रचल्या, वर्षाची एक. बाई मांडी घालून बसली आणि जी वाचू लागली ती तासभर मान वर करेना. किसांगा दोनदा घड्याळ बघून खोकले.

शेवटी तिने सगळ्यात जुनी वही उघडी ठेवली. "फाउस्ताच्या आई, इकडे बघा. या वहीत मार्चपर्यंत चाळीस, पंचेचाळीस, पन्नास, पन्नास, पंचावन्न. एकूण एक आकडा शून्यावर नाहीतर पाचावर संपतोय. असं कोण वाचतं माहितेय? जो काठावर उभा राहून वरून बघतो आणि पायाला पाणी लागू देत नाही तो." मग तिने पान उलटलं. "आणि एप्रिलच्या अठरापासून एकसष्ट, अठ्ठावन्न, सत्तावन्न. पुढे अकरा वर्षं असंच, एकेक रेघ मोजलेली. हा माणूस पाण्यात उतरतो. अठरा एप्रिलला तुमच्या नवऱ्याला एकदम पाय फुटले का?"

ओडिलिया चहाचे पेले गोळा करायला लागली.

"कुठं आहेत ते?"

"बाहेर गेलाय."

"कधी येतील?"

"येईल आता. खत आणायला गेलाय न्जोम्बेला."

किसांगा हसले. "मॅडम, मी काय लिहिलं होतं? आई, अहो, अकरा वर्षं खत आणताय! केवढं शेत आहे तुमचं?"

हा इंजिनिअर तिचा थट्टेचा माणूस नव्हता. तो किनाऱ्याकडचा, कुठल्या तरी मोठ्या शहरातला, त्याला बोलायचा हक्क नव्हता. ओडिलियाने पेले उचलले आणि आत नेऊन ठेवले.

रेस्तितुताने वह्या मिटल्या. "चला, नदीवर चला. चार वाजत आले."

तिघं उतारावरून खाली गेली. ओडिलियाने चपला काठावर काढल्या, गुडघ्यापर्यंत स्कर्ट खोचला आणि पाण्यात शिरली. तिच्यामागे रेस्तितुताही बूट काढून उतरली, थंड पाण्याने हाय हाय करत. दोघींनी वाकून, डोळा पाण्याच्या रेघेशी नेऊन पट्टी वाचली.

"सदतीस," ओडिलिया म्हणाली.

"सदतीस," रेस्तितुता म्हणाली. "आता कार्यालयाचा नियम आहे तो पाळते. वाचक जागेवर नसेल तर त्याला फोन करायचा." तिने पिशवीतून फाईल काढली, एका कागदावर बोट ठेवलं आणि नंबर फिरवायला लागली.

ओडिलियाला वाटलं, करू दे. तो नंबर कधीपासून मेलेला आहे. तिने स्वतः तो किती वेळा लावला होता, रात्री उशाशी फोन घेऊन, सणाच्या सकाळी, फाउस्ताच्या लग्नाच्या दिवशी नटूनथटून गर्दीतून बाजूला जाऊन. दर वेळी तीच बाई तेच सांगायची की हा क्रमांक सध्या उपलब्ध नाही.

फोनची घंटी वाजली. रेस्तितुताने आवाज मोठा केला होता.

"हॅलो?"

ओडिलियाचे पाय पाण्यात होते ते तिथेच रुतले. आवाज थोडा जाड झाला होता, पण 'हॅलो'नंतर घसा खाकरायची सवय तीच होती. तो जिवंत होता. अकरा वर्षांत तिने मनातल्या मनात त्याला खाणीत दोनदा गाडलं होतं, एकदा रस्त्यावर मारलं होतं, आणि दर वेळी परत उठवून घरी आणलं होतं. तिच्या छातीत असं काही उसळलं की तिला हसायला यायला लागलं.

"वेनान्स म्लिगो का? खोरे कार्यालयातून बोलतेय. तुम्ही कुठं आहात?"

पलीकडे पुन्हा घसा खाकरला. मग, "नदीवर आहे मॅडम. चार वाजले ना."

"अस्सं. पट्टीजवळ?"

"पट्टीजवळच उभा आहे."

त्याच्या मागे एक पोरगा घसा फोडून ओरडत होता, "न्जोम्बे! न्जोम्बे! दोघांची जागा, लगेच सुटणार! न्जोम्बे!" बसचा हॉर्न वाजला. आमच्याकडे न्जोम्बेची बस, जी गावावरूनच जाते, असं ओरडून भरतात ती माकांबाकोच्या नाक्यावर, तासाभराच्या वाटेवर. ओडिलियाने आजवर त्याला किती लांब कल्पिलं होतं, आणि हा माणूस घराकडे येणाऱ्या बसच्या दाराशी उभा राहून बोलत होता.

"पाणी किती आहे?" रेस्तितुताने विचारलं.

"पंचेचाळीस," वेनान्स म्हणाला.

किसांगांनी तेवढ्यात टाळी वाजवली. "ऐकलंत? पंचेचाळीस! आमचं यंत्रही तेच सांगतंय." मग आपण कुठल्या बाजूने बोलतोय याचा त्यांच्याच मनात घोळ झाला आणि ते गप्प बसले. माणूस इथे नाही म्हणून वह्या बाद करायच्या, की त्याचा आकडा सोयीचा म्हणून तो इथे आहे म्हणायचं?

"तुम्हीच वाचता ना रोज? की दुसरं कुणी?"

"मीच मॅडम." घसा खाकरला. "कधी कधी बायको."

"आभारी आहे," असं म्हणून रेस्तितुताने फोन बंद केला.

नदीचा आवाज येत राहिला. ओडिलिया पाण्यातून बाहेर आली नाही. ती सांगत होती की तो खत आणायला गेलाय, तो सांगत होता की नदीवर आहे. दोघंही एकमेकांना सावरत होती आणि दोघांचं खोटं एकमेकांशी जुळत नव्हतं. एवढं एकच काम त्यांनी अकरा वर्षांत मिळून केलं होतं.

"तो नंबर कुठून आला तुमच्याकडे?" तिने हळूच विचारलं.

रेस्तितुताने कागद पुढे धरला. "सहा वर्षांपूर्वी कार्यालयाने सगळ्या वाचकांचे नंबर मागवले होते. रेडिओवर जाहीर केलं होतं. महिन्याची प्रत पोचली की वाचकाला फोनवर पोच पाठवायची म्हणून. हे स्वतः येऊन नंबर देऊन गेले. ही बघा सही."

रेडिओवरचं ते जाहीर झालेलं ओडिलियानेही ऐकलं होतं. कुणी फोन करून वेनान्सला बोलवा म्हणेल या भीतीने ती मूग गिळून बसली होती. आणि त्याच वेळी, तोच रेडिओ ऐकून, हा माणूस उठून कार्यालयात गेला होता. सही त्याचीच होती, शेवटचं अक्षर खाली ओढलेलं.

"पोचमध्ये काय लिहिलेलं असतं?"

रेस्तितुताने आपल्या फोनवर शोधून दाखवलं. लुहेंगे केंद्र. सप्टेंबर महिन्याची नोंद मिळाली. आभार.

ओडिलियाने ते दोनदा वाचलं. म्हणजे त्याला माहीत होतं. सहा वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन वाजत होता आणि त्याला कळत होतं की ओडिलिया अजून आहे, अजून पाण्यात उतरतेय, अजून त्याचं नाव लिहितेय. तिला त्याची खबर लागू न देता तो तिची खबर घेत होता. तिने आपला नंबर अकरा वर्षांत बदलला नव्हता, फोन तीनदा बदलला तरी, आणि तो त्याला पाठ होता. एक घंटी द्यायची होती. त्याला नुसती पोच पुरली.

"मॅडम, मग ठरलं," किसांगा म्हणाले. "नेमलेला वाचक इथे नाही. नोंद खोटी."

"नाव खोटं आहे," रेस्तितुता म्हणाली. "आकडे खोटे आहेत असं मला दिसत नाही. पण हे आकडे कुणाचे, हे कुणीतरी सही करून सांगायला हवं. नाहीतर तुमचं म्हणणं मला मानावं लागेल." मग ती ओडिलियाकडे वळली, आणि सरकारी बाई जाऊन न्गोनीण बोलायला लागली. "बेनांच्या बायका इतक्या कशा गं येड्या? नवरा पळाला तर पळाला म्हणा ना! आमच्यात नवरा पळाला की बाई ढोल वाजवते, त्याची घोंगडी पहिल्या भेटणाऱ्याला देऊन टाकते. तुम्ही त्याचं नाव सरकारी कागदावर लिहिता!"

थट्टेच्या माणसावर रागवता येत नाही. हसावं लागतं. ओडिलिया हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. ती भर नदीत उभी राहून रडली, तोंड लपवायचीही तिला शुद्ध नव्हती. किसांगा पाठ फिरवून बंधाऱ्याकडे बघत राहिले. माणूस अगदीच वाईट नव्हता.

"गेला तो," ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली. सतरा एप्रिलला गेला, तीन महिन्यांत येतो म्हणाला. आला नाही. मी वाट बघितली. अजूनही बघतेय, आत्ता या क्षणी बघतेय, ते काही तुझ्या ढोलाने जायचं नाही गं. पण पट्टी मी वाचली. ताप होता तेव्हा वाचली, पूर होता तेव्हा दोर बांधून वाचली. सासू गेली त्या दिवशी नऊला वाचली आणि मग रडायला बसले. 'कधी कधी बायको'! लिहून घे. सगळे आकडे माझे."

रेस्तितुताने लिहून घेतलं. मग नियम सांगितला. सरकारी नोंदीत चूक झाली तर खोडरबर चालत नाही, काळं फासणंही चालत नाही. चुकलेल्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि वर बरोबर ते लिहून सही करायची. एकशे अडतीस महिने म्हणजे एकशे अडतीस पानं.

त्या अंगणात, चटईवर, दोघी दिवस मावळेपर्यंत बसल्या. वेनान्स म्लिगो, त्यावर एक रेघ, वर ओडिलिया न्गोले. सुरुवातीला तिचा हात अडखळला. तिसऱ्या वहीत तो सरावला. आठव्या वहीत तिने एका पानापाशी थांबून म्हटलं, "हे नाव मी चांगलं काढलं होतं बघ."

"चांगलंच आहे. रेघ मारा."

शेवटचं पान झाल्यावर रेस्तितुताने एक छापील कागद पुढे केला. वाचकाचं नाव, वय, गाव. तिने भराभर भरलं आणि शेवटच्या रकान्यावर पेन टेकवून थांबली. "महिन्याची पोच कुठल्या नंबरवर पाठवायची?"

तोच नंबर राहू दे म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? दर महिन्याला त्या नाक्यावर एक फोन वाजत राहिला असता. तिकडे तिचं नाव कुणाच्या तरी खिशात जागं राहिलं असतं. हा एवढाच धागा होता, आणि तो आहे हे तिला कळून तीन तासही झाले नव्हते. कापायचा तर आजच कापावा लागणार होता.

"काय लिहू?"

तिने स्वतःचा नंबर सांगितला. सांगताना एक आकडा चुकला, तो तिने दुरुस्त करून पुन्हा सांगितला.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या तारखेला ती स्वयंपाकघरात उगालीसाठी मक्याचं पीठ घोटत होती तेव्हा फोन वाजला. लुहेंगे केंद्र. ऑक्टोबर महिन्याची नोंद मिळाली. आभार. तिने तो निरोप चुलीच्या उजेडात वाचला, मग अंगणात जाऊन वाचला. पीठ करपलं. एवढ्याशा दोन ओळींवर माणूस सहा वर्षं कसा काढू शकतो, हे तिला कळावंसं वाटत नव्हतं, पण कळलं.

वह्या ग्राह्य धरल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं. नव्या परवान्याची सुनावणी व्हायची होती, पण कंपनीने शहाणपणा करून बंधाऱ्याचं दार थोडं वर उचललं होतं. इटांबोहून फाउस्ताचा फोन आला, दारापुढचे गोटे बुडाले म्हणून. ती आनंदाने ओरडतच होती. ओडिलियालाही आनंद झाला. नाही असं नाही.

सातव्या तारखेला दुपारी चारला ती पाण्यात वाकलेली असताना स्कर्टच्या खिशात फोन वाजायला लागला. तिने काढून बघितलं. नंबरला नाव नव्हतं, पण आकडे वाचण्यातच जिची अकरा वर्षं गेली तिला रेस्तितुताच्या कागदावरचा तो नंबर एका नजरेत पाठ झाला होता. फोन हातात थरथरत राहिला. तिने तो वाजू दिला. आधी पट्टी वाचली, एक्केचाळीस. काठावर येऊन वहीत लिहिलं. फोन बंद पडला आणि पुन्हा वाजायला लागला.

तिने तो कानाला लावला.

घसा खाकरल्याचा आवाज आला. मग वेनान्स म्हणाला, "पोच आली नाही या खेपेला."

तिने वही मिटून काखेत धरली.

"सात तारीख झाली. पाचच्या पुढे कधी जात नाही. मला वाटलं, तुला काही..." त्याचं वाक्य पुरं झालं नाही. "ओडिलिया?"

"पोच आली," ती म्हणाली. "माझ्याकडे आली."

"अस्सं. बरं झालं."

तिचे गाल ओले झाले होते आणि ती ते पुसत नव्हती. विचारायचं इतकं होतं की त्यातलं पहिलं कुठलं ते सापडेना. नवरा-बायको इतक्या वर्षांनी बोलत होती आणि दोघांच्या मध्ये फक्त नदी वाहण्याचा आवाज होता, जो त्यालाही तिकडे ऐकू जात असणार.

"पाणी किती आहे?" त्याने हळूच विचारलं.

आकडा तिच्या ओठांवर होता. अकरा वर्षं तिने तो त्याच्या नावाने लिहिला होता. आता एकदा तोंडाने सांगितला असता तर तो 'बरं' म्हणाला असता, फोन खिशात घातला असता आणि पुढचा महिना निभावला असता.

"येऊन बघ," ओडिलिया म्हणाली.